व्हँकुव्हर: बोटीवरून उतरून विमानतळ गाठायचा आहे. सोबत एक व्हीलचेअर, एक वॉकर, सहा बॅगा

फिरस्ती

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये अलास्काची क्रूझ ठरली आहे. आम्ही पाच जण: मी, नवरा, धाकटे दीर, सासूबाई आणि चुलत सासरे (घरात सगळे त्यांना काकाच म्हणतात). सासूबाई ७८ वर्षांच्या, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. घरात वॉकर घेऊन फिरतात, बाहेर मात्र पन्नास पावलांवर बसायला जागा लागते. काकांना अर्धांगवायू होऊन गेला आहे, डावी बाजू अजून साथ देत नाही. त्यांची बॅटरीवर चालणारी, घडी होणारी व्हीलचेअर आहे.

बोट सकाळी ७ वाजता व्हँकुव्हरला कॅनडा प्लेसच्या धक्क्याला लागेल. त्याच दिवशी दुपारी साडेबाराचं सॅन फ्रान्सिस्कोचं विमान आहे, नणंद तिकडे असते. बोटीवर कसं चढायचं, काय खायचं, कुठे फोटो काढायचे याची माहिती पोत्याने मिळते. उतरल्यावर विमानतळापर्यंत काय करायचं हे विचारलं की ट्रॅव्हल एजंट म्हणतो, "टॅक्सी मिळते मॅडम, टेन्शन घेऊ नका." तो असं म्हणाला की मला टेन्शन येतं.

टॅक्सी, रेल्वे की क्रूझ कंपनीची बस? आणि कुठपर्यंत कोण मदत करतं? तिथे राहणारे किंवा असं जाऊन आलेले कुणी असतील तर सांगा.

बर्फाळ कोकणी

व्हँकुव्हरकर हजर आहे. डोळे मिटून रेल्वे.

कॅनडा प्लेस म्हणजे पांढऱ्या शिडांच्या छताची ती इमारत, १९८६ च्या एक्स्पोसाठी बांधलेली. तिथून वॉटरफ्रंट स्टेशन पायी पाच-सात मिनिटांवर, खुर्ची ढकलत दहा धरा. वॉटरफ्रंटला कॅनडा लाइन पकडायची, ती थेट विमानतळाच्या दारात सोडते. प्रवास साधारण २५ मिनिटांचा. ही लाइन २००९ साली ऑलिंपिकच्या आधी सुरू झाली. त्यामुळे सगळ्या स्टेशनांना लिफ्ट आहे आणि फलाट व डबा एकाच पातळीवर. खुर्ची सरळ आत जाते, कुणाला हात लावावा लागत नाही. डब्यात खुर्चीसाठी राखीव जागा असते.

फक्त पाटी वाचून चढा. पुढे ब्रिजपोर्टला लाइन फुटते, एक फाटा रिचमंडला जातो आणि दुसरा विमानतळाला. गाडीवर "वायव्हीआर–एअरपोर्ट" लिहिलेलं हवं. चुकून रिचमंडच्या गाडीत बसलात तर ब्रिजपोर्टला उतरून मागची घ्या, घाबरायचं काही नाही.

तिकिटासाठी क्रेडिट कार्ड गेटला टेकवलं की झालं, पण माणशी वेगळं कार्ड लागतं. आणि ते पाच डॉलरच्या जादा आकाराचं ऐकलं असेल, तर तो विमानतळावरून शहरात येताना लागतो. तुम्ही उलट दिशेने जाताय, तुम्हाला नाही.

चहाबाज

सहा बॅगा, वॉकर आणि अर्धांगवायूचा पेशंट घेऊन रेल्वे? कोकणीबुवा, तुम्ही तिथे ऑफिसची सॅक पाठीला लावून जाता. त्या गाडीला मोजून दोन डबे, सामानाला रॅक नाही, आणि क्रूझच्या दिवशी प्रत्येक प्रवाशाकडे दोन-दोन ट्रंका. फिरस्ती, सरळ टॅक्सी करा. अंतर १३-१४ किलोमीटर आहे. हायवे नाही, ग्रॅनव्हिल रस्त्याने सिग्नल घेत जावं लागतं, तरी अर्धा-पाऊण तास. म्हातारी माणसं आहेत, चार पैसे जास्त गेले तर गेले.

बर्फाळ कोकणी

@चहाबाज, ज्या दिवशी धक्क्याला दोन-तीन बोटी एकदम लागतात त्या दिवशी टॅक्सीची रांग बघितली आहे का? हजारो माणसं दोन-अडीच तासांत उतरतात. बंदराचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं, त्या तारखेला किती बोटी आहेत ते बघूनच ठरवावं. एकच बोट असेल तर मी टॅक्सीला नाही म्हणणार नाही.

हाडवैद्यीण

मी फिजिओथेरपिस्ट. व्हँकुव्हर पाहिलेलं नाही, पण तुमच्यासारख्या घरांतल्या माणसांना रोज उठवते-बसवते, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही दोघं किलोमीटर आणि डॉलर मोजताय. मोजायचं असेल तर पेशंटला किती वेळा उठावं लागेल ते मोजा.

काकांचं बघा. टॅक्सी म्हणजे खुर्चीतून उभं करायचं, फिरवायचं, सीटवर टेकवायचं, मग डावा पाय हाताने उचलून आत घ्यायचा. खुर्चीची घडी घालून डिकीत. विमानतळावर हे सगळं उलट्या क्रमाने, तेही मागे गाड्या हॉर्न मारत असताना. प्रत्येक वेळी पडण्याचा धोका, आणि उचलणाऱ्याच्या कमरेचाही निकाल. रेल्वेने गेले तर काका बोटीच्या दारापासून चेक-इनच्या काउंटरपर्यंत खुर्चीतून उठणारच नाहीत. अंतर लांब असलं तरी त्यांच्या दृष्टीने तोच सोपा रस्ता.

सासूबाईंचं नेमकं उलटं. त्या गाडीत स्वतः बसू शकतात, दांडी धरून, ढुंगण आधी टेकवून पाय मागून आत. त्यांना झेपत नाही ते चालणं आणि उभं राहणं. स्टेशनपर्यंतची दहा मिनिटं, लिफ्टची वाट, फलाट, पुन्हा टर्मिनलमधली चाल, हे त्यांना जमणार नाही. त्यांच्यासाठी टॅक्सी.

दोघांना "चालता न येणारी मंडळी" म्हणून एकाच पिशवीत घालू नका. त्यांच्या अडचणी वेगळ्या आहेत.

चहाबाज

हे पटलं. मी माझं म्हणणं अर्धं मागे घेतो, सासूबाईंपुरतं ठेवतो. :)

फिरस्ती

हाडवैद्यीण, तुम्ही लिहिलंत ते वाचून दिरांना फोन लावला. आम्ही आठवडाभर "सगळे एकत्रच जाऊ" या हट्टात अडकलो होतो. म्हणजे दोन तुकड्या कराव्यात? काका आणि दीर रेल्वेने, सासूबाई, मी आणि बॅगा टॅक्सीने, नवरा गरज पडेल तिकडे?

हाडवैद्यीण

नवरा काकांसोबत. खुर्ची बॅटरीची असली तरी फलाटावर एकाने पुढे बघायचं, एकाने मागे. आणि निघण्याआधी टर्मिनलवरच दोघांना स्वच्छतागृहात नेऊन आणा, गाडीत सोय नसते. सकाळच्या पाण्याच्या गोळ्या (लघवीच्या) घेत असतील तर त्या दिवशी कधी घ्यायच्या ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. ही गोष्ट कुणी सांगत नाही, आणि सगळा प्रवास तिथेच अडतो.

डेकवरचा दादा

क्रूझवर हाउसकीपिंगला काम केलं आहे, नाव विचारू नका. बोटीच्या बाजूचं सांगतो.

शेवटच्या रात्री सामानाला रंगीत किंवा नंबरची टॅग लावून केबिनबाहेर ठेवायचं असतं. ते सकाळी टर्मिनलच्या हॉलमध्ये रंगाप्रमाणे मांडलेलं मिळतं. स्वतःच्या बॅगा स्वतः ओढत आधी उतरायची मुभाही असते, पण तुमच्यासारख्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. बाहेर ठेवलेली बॅग सकाळपर्यंत हाताला लागत नाही. त्यामुळे औषधं, चष्मा, दातांची कवळी, पासपोर्ट, बॅटरीचा चार्जर आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत. पायजम्यावर उतरलेले लोक मी पाहिले आहेत.

ज्यांना खुर्चीची मदत हवी त्यांना एका ठरावीक लाउंजमध्ये बोलावतात. त्यासाठी पाहुण्यांच्या काउंटरला आदल्या दिवशी नाव द्या, शेवटच्या सकाळी तिथे रांग असते. बोटीचा माणूस बोटीच्या खुर्चीतून टर्मिनलच्या हॉलपर्यंत आणतो, कधी दारापर्यंत. तिथे त्याचं काम संपतं आणि खुर्ची बोटीवर परत जाते. म्हणजे सासूबाईंना बोटीच्या खुर्चीतून आणलं तर टर्मिनलच्या दारात त्यांच्याकडे फक्त वॉकर उरणार, हे धरून चाला. टॅक्सीच्या रांगेत बसायला एक घडीचं स्टूल किंवा सीट असलेला चार चाकी वॉकर असेल तर उत्तम.

अजून एक. काही जण क्रूझसाठी स्कूटर भाड्याने घेतात. ती केबिनमध्ये पोचवतात आणि केबिनमधूनच परत नेतात. आठवडाभर राजेशाही, आणि उतरायच्या दिवशी नेमके पायी. वाचणाऱ्यांपैकी कुणाचा तसा बेत असेल तर लक्षात असू द्या.

कालनिर्णयी

विमानतळाच्या बाजूचं मी लिहितो, आईवडिलांना नेण्या-आणण्यात केस पांढरे झाले आहेत.

१) तुमचं विमान अमेरिकेचं आहे, त्यामुळे अमेरिकेचं इमिग्रेशन व्हँकुव्हरलाच होतं. सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्यावर नाही. म्हणून तीन तास आधी पोचायला सांगतात. ७ ला बोट, पासपोर्ट तपासून आणि सामान घेऊन बाहेर पडायला साडेआठ-नऊ, विमानतळ दहाच्या आसपास. साडेबाराचं विमान जमेल, पण घाम फुटेल. अजून तिकीट बदलता येत असेल तर दीड-दोनचं बघा.

२) व्हीलचेअरची विनंती विमान कंपनीला ४८ तास आधी, आणि दोघांसाठी वेगवेगळी. त्यांचे कोड असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, लांब चालता येत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना नाही, पण विमानात आपल्या सीटपर्यंत जाता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंतही नेऊन बसवावं लागतं. काकांना शेवटचा कोड हवा. एजंट सवयीने सगळ्यांना पहिलाच टाकतात, मग ऐन वेळी विमानातली अरुंद खुर्ची येत नाही.

३) कॅनडात गाडीतून उतरल्यापासून चेक-इनपर्यंतच्या मदतीची जबाबदारी विमानतळाची, त्यानंतरची विमान कंपनीची. युरोपात विमानतळच सगळं बघतो, अमेरिकेत विमान कंपनी. म्हणून "मी कंपनीला सांगितलं होतं" असं फूटपाथवर उभं राहून ओरडण्यात अर्थ नसतो. उतरायच्या ठिकाणी कोण येणार ते विमानतळाला आधी विचारा. हिरवे कोट घातलेले स्वयंसेवक टर्मिनलमध्ये दिसतात, अडलं तर त्यांना गाठा.

एरंडेल

@कालनिर्णयी, तिसऱ्या मुद्द्याला दुजोरा. एका विमानतळावर (कुठल्या ते जाऊ द्या) माझ्या आईला मदतनीस गेटपाशी सोडून गेला आणि गेट बदललं. तिला भाषा येत नाही, फोन माझ्याकडे. तेव्हापासून आईच्या गळ्यात नाव, फ्लाइट नंबर आणि आमचे नंबर लिहिलेलं कार्ड असतं. इंग्रजीत, ठसठशीत अक्षरात.

ठाणेकर

जरा अवांतर, पण मुंबईतही हेच. मागच्या वर्षी बॅलार्ड पिअरला उतरून वडिलांना घेऊन टी-२ गाठायचं होतं. ॲपवरून सेडान मागवली, आली, डिकी उघडली तर आत सीएनजीची टाकी. व्हीलचेअर कुठे ठेवणार? ड्रायव्हर म्हणतो मांडीवर घ्या. शेवटी कॅरिअरवाली गाडी मिळेपर्यंत वडील धक्क्याबाहेर उन्हात. मुंबईत बुकिंग करताना डिकीत टाकी आहे का, वर कॅरिअर आहे का, हा पहिला प्रश्न विचारा, किंवा मोठी गाडी मागवा. रस्त्याचा त्रास नाही, डिमेलो रोडवरून फ्रीवेला लागलं की चेंबूर, पुढे लिंक रोडने विमानतळ.

बर्फाळ कोकणी

आता भुयारी मेट्रो ३ झाली आहे ना? सीएसएमटीवरून टी-१ आणि टी-२ दोन्ही.

ठाणेकर

हो, पण बॅलार्ड पिअर ते सीएसएमटी स्टेशनचा फूटपाथ व्हीलचेअरने पार करून दाखवा, मी हार घालतो.

संचालक

मुंबईसाठी कृपया वेगळा धागा काढावा, उपयोगाचा होईल. इथे व्हँकुव्हर चालू द्या.

सातासमुद्रापार

फिरस्ती, एक गोष्ट तुमच्या पथ्यावर पडली आहे: तुमची बोट व्हँकुव्हरला संपते. बऱ्याच अलास्का क्रूझ एकाच दिशेच्या असतात आणि उत्तरेला जाणाऱ्या सिवर्ड किंवा व्हिटियरला संपतात. तिथून अँकरेजचा विमानतळ गाठायचा. व्हिटियरपासून साधारण १०० किलोमीटर, सिवर्डपासून दोनशेच्या घरात. व्हिटियरहून निघताना चार किलोमीटरचा एकच बोगदा, त्यातून आगगाडी आणि मोटारी आळीपाळीने जातात, आणि मोटारींनाही ठरावीक वेळेला एकाच दिशेने सोडतात. वेळ चुकली तर बसा. निसर्ग अप्रतिम, पण उठाय-बसायला त्रास असलेल्या माणसाला घेऊन विमानाच्या दिवशी नको. ज्यांचं बुकिंग व्हायचं आहे त्यांनी दक्षिणेकडे येणारी क्रूझ घ्यावी.

फिरस्ती

सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न राहिले. काकांच्या खुर्चीची बॅटरी विमानात चालते का? आणि क्रूझ कंपनीच्या बसबद्दल कुणीच काही बोललं नाही.

कालनिर्णयी

बॅटरीवरचं लेबल वाचा. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास असेल तर २४०. निघणारी लिथियमची एकच बॅटरी असेल तर ३०० वॉट-तासांपर्यंत चालते. दोन बॅटऱ्यांची खुर्ची असेल तर प्रत्येकी १६० पर्यंत. काढलेली बॅटरी केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवायची, सामानात टाकायची नाही, आणि टोकांना चिकटपट्टी लावायची. लेबलचा फोटो आणि खुर्चीचं वजन-माप विमान कंपनीला मेलने पाठवून त्यांचं उत्तर छापून जवळ ठेवा. काउंटरवरच्या माणसाला नियम माहीत असेलच असं नाही, कागद बघितला की तो शांत होतो.

खुर्ची विमानाच्या दारापर्यंत वापरू द्या असं सांगा. दारात ती खाली देताना गादी आणि निघणारे पायटेकू काढून आत घेऊन जा, हरवतात ते हेच. खुर्ची सामानाच्या वजनात धरत नाहीत.

डेकवरचा दादा

बस: पायऱ्या उंच असतात. लिफ्टवाली बस असते, पण ती आधी सांगून ठेवावी लागते, त्या सकाळी मागून मिळत नाही. फायदा एकच, सामान ते बघतात. काकांना लिफ्टवाल्या बसची लेखी हमी मिळाली तरच विचार करा. शिवाय रॅम्पवाली टॅक्सीही असते, खुर्चीसकट आत जाता येतं. तीही आदल्या दिवशी फोन करून ठरवलेली बरी.

बर्फाळ कोकणी

निघायच्या सकाळी फोनवर ट्रान्सलिंकच्या (इथली बस-रेल्वे चालवणारी संस्था) सूचना बघा, कुठल्या स्टेशनची लिफ्ट बंद आहे ते तिथे कळतं. वॉटरफ्रंटची बंद असली तर पुढचं व्हँकुव्हर सिटी सेंटर स्टेशन आहे, पण पाण्यापासून वर जाणारा रस्ता चढाचा. तशी वेळ आली तर काकांनाही रॅम्पवाली टॅक्सी.

फिरस्ती

परत आलो. पुढच्यांच्या उपयोगासाठी लिहिते.

विमान बदलून दुपारी दोनचं घेतलं होतं. त्या दिवशी धक्क्यावर आमच्यासोबत आणखी एक बोट होती. दोन तुकड्या केल्या. काका, नवरा आणि दीर रेल्वेने, दोन छोट्या बॅगा काकांच्या मांडीवर. बाकी सामान, सासूबाई आणि मी टॅक्सीने. टर्मिनलमध्ये सामान शोधताना एक हमाल मिळाला, त्याने बॅगा टॅक्सीपर्यंत आणल्या. हा खर्च डोळे झाकून करावा. टॅक्सीच्या रांगेत सासूबाई वॉकरच्या सीटवर बसून होत्या आणि पुढच्या पंजाबी आजींशी गुडघ्यांची तुलना करत होत्या.

रेल्वेवाले आमच्या बरेच आधी पोचले. गाडीला ड्रायव्हर नसतो आणि पुढच्या काचेपाशी जागा असते, हे कोकणींनी सांगितलं नव्हतं! काकांची खुर्ची तिथे लागली. बराच वेळ बोगदा, मग मरीन ड्राइव्हपाशी गाडी उजेडात येते आणि फ्रेझर नदीवरून जाते. काकांना आख्ख्या अलास्कात जेवढा आनंद झाला नाही तेवढा तिथे झाला, असं दीर म्हणतात. हिमनद्यांचे पैसे फुकट गेले.

विमानतळाच्या स्टेशनवरून लिफ्टने उतरलं की टर्मिनल जोडलेलंच आहे. चेक-इनला मात्र मदतनीस यायला भरपूर वेळ लागला आणि काकांचा कोड चुकीचाच निघाला, एजंटने "झालंय" सांगूनही. छापलेला मेल दाखवल्यावर दुरुस्त केला. बॅटरीसाठी दोघांनी येऊन लेबल वाचलं. गळ्यातल्या कार्डाची गरज पडली नाही, पण इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने सासूबाईंचं कार्ड वाचून त्यांना नावाने हाक मारली, त्यावर त्या अजून खूश आहेत.

कोपरगावची मिरची

फिरस्ती, फार उपयोगी धागा. आमची सप्टेंबरची क्रूझ सिएटलला सुरू होऊन सिएटललाच संपते. तिथेही अशीच रेल्वे आहे का? वडील व्हीलचेअरवर.

सातासमुद्रापार

रेल्वे आहे आणि विमानतळाला जाते, पण धक्क्यांपर्यंत येत नाही. आधी तुमची बोट कुठल्या धक्क्याला लागते ते बघा. पिअर ६६ शहराला लागून आहे, मात्र तिथून स्टेशनपर्यंत खडा चढ. पिअर ९१ स्टेशनांपासून लांबच आहे. दोन्हीकडे वडिलांसाठी रॅम्पवाली टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि वडील स्वतःच्या खुर्चीतून उठून गाडीत बसू शकतात का ते इथे लिहा, म्हणजे हाडवैद्यीणबाई पुढचं सांगतील.